आत्तींना घेऊन कॉट्सवोल्डला

मे महिन्यात इंग्लंडला जातोय म्हटल्यावर ज्यानं त्यानं एकच विचारलं, लंडनमध्ये किती दिवस? आणि लंडनला फक्त विमानातून उतरणार, बाकी सगळा मुक्काम खेड्यात असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. एवढे पैसे घालून खेड्यात? खेडी काय कोल्हापुरात कमी आहेत का? पण माझी नणंद, म्हणजे ताई, आणि दाजी ग्लॉस्टरशायरमध्ये, कॉट्सवोल्ड नावाच्या टेकड्यांच्या भागात राहतात, मोर्टन-इन-मार्श नावाच्या बाजारगावापासून थोडं आत, आणि आत्तींना म्हणजे माझ्या सासूबाईंना लेकीचं घर बघायचं होतं, लंडन नव्हे. त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

तारखांचाच पहिला घोळ असतो. आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि तिकडची मोठी सुट्टी पडते जुलैच्या शेवटी, म्हणजे आपली मुलं मोकळी तेव्हा तिकडची शाळेत. मधला मार्ग एकच, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, तेव्हा त्यांना हाफ-टर्मची सुट्टी असते. आम्ही तो आठवडा धरून पुढे जूनमध्ये राहायचं ठरवलं. ज्यांचे नातेवाईक तिकडे आहेत त्यांनी हे आधी बघा, नाहीतर भाचरं सकाळी शाळेत आणि तुम्ही दिवसभर भिंती बघत बसणार.

व्हिसाचं सविस्तर सांगते कारण त्यातच जास्त जीव गेला. साधा व्हिजिटर व्हिसा, सहा महिन्यांचा, फॉर्म ऑनलाइन, पण प्रत्येक माणसाचा वेगळा, आणि फी लहान मुलाला पण तेवढीच, माणशी सव्वाशे पौंडांच्या आसपास. दाजींनी बोलावण्याचं पत्र दिलं, पगाराच्या स्लिपा दिल्या, घराचे कागद दिले. आमच्या दोघांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स, ऑफिसचं रजेचं पत्र, इथपर्यंत सरळ. अडकलं आत्तींपाशी. त्यांचं सगळं उत्पन्न उसाचं, आणि 'ही बाई परत येणार' याचा पुरावा म्हणजे शिरोळ तालुक्यातलं रान. म्हणून सातबारा जोडायचा ठरला. मराठी कागद चालत नाही, इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्यानं सही करून लिहून द्यावं लागतं की हे बरोबर आहे. त्या सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा आहे. नवरा म्हणे हे बघून व्हिसा नाकारला तर? मी म्हटलं अरे ज्याला ऊस आहे त्याला सोसायटी आहेच, त्यात लपवायचं काय, आहे तसं भाषांतर करून घे. आता लंडनला कुठल्यातरी साहेबाला आमच्या आत्तींचं पीककर्ज माहीत आहे.

फॉर्मात एक प्रश्न असतो की तुम्ही कधी दहशतवादी कारवायांत भाग घेतलाय का. नियम म्हणून मी प्रत्येक प्रश्न त्यांना वाचून दाखवत होते. आत्ती थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊबंदांसंगं वाटंवरनं भांडणं झाल्यात, ती धरायची काय?" मी 'नाही' वर टिक केलं. (हे वाटेचं भांडण लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

पुण्याला सेंटरवर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो. आयुष्यभर शेतात काम केलेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात, आधारच्या वेळी पण हाच ताप झाला होता. तिथल्या मुलीनं न चिडता पुसून, दाबून, परत पुसून शेवटी घेतले. मग तीन आठवडे वाट बघायची. नेहमीच्या फीमध्ये साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे तिकिटं काढून बसू नका आणि जास्तीचे पैसे भरून घाई पण करू नका, वेळेत अर्ज केला तर गरज पडत नाही.

सामानात दुधाचं आणि मटणाचं काही चालत नाही. म्हणजे पेढे नाहीत, तूप नाही. आत्तींना हे काही केल्या पटेना, लेकीकडे जाताना तूप नाही म्हणजे काय. शेवटी कांदा-लसूण चटणी, भडंग, शेंगदाण्याची चटणी, आमसुलं यावर तडजोड झाली. चटणीचं पाकीट तीन पिशव्यांत बांधून वर टेप, तरी हीथ्रोला बॅग उघडल्यावर सगळ्या कपड्यांना वास.

ताई गाडी घेऊन आली होती पण पाच माणसं आणि एवढ्या बॅगा एका गाडीत बसणं शक्यच नव्हतं, म्हणून मी, आत्ती आणि धाकटी गाडीतून, नवरा आणि मुलगा रेल्वेनं. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइननं पॅडिंग्टन आणि तिथून थेट मोर्टन-इन-मार्श, रेडिंग, ऑक्सफर्ड, किंगहॅम करत पावणेदोन तासांच्या आत. त्यांना वाटेत ऑक्सफर्ड दिसलं याचा मुलानं पुढे आठवडाभर भाव खाल्ला. एक कामाची गोष्ट, फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा, वर्षाला तीस-पस्तीस पौंड पडतात पण मोठ्यांना तिकिटात एक तृतीयांश सूट आणि पाच ते पंधरा वयाच्या मुलांना साठ टक्के. दोन फेऱ्यांत वसूल. मात्र त्या कार्डावर प्रवास करताना एक तरी मूल सोबत पाहिजे.

कॉट्सवोल्ड हा तसा एक जिल्हा नाही, टेकड्यांचा पट्टा आहे, बाथपासून चिपिंग कॅम्डनपर्यंत आणि आजूबाजूला पसरलेला, दोन हजार चौरस किलोमीटरच्या वर. १९६६ पासून संरक्षित आहे. सगळी जुनी घरं एकाच चुनखडी दगडाची, मधाच्या रंगाची, आणि छतावर पण त्याच दगडाच्या चिपा. शेतांच्या कडेला जे गडगे आहेत ते पण त्याच दगडाचे, मातीचुना न लावता नुसते दगडावर दगड रचलेले. आत्तींनी गाडीतून उतरल्यावर पहिलं काय केलं तर ताईच्या दारातल्या गडग्याला हात लावून बघितला हलतोय का. हलला नाही. "चांगला रचलाय," एवढंच म्हणाल्या, आणि मग घरात.

घरातल्या गोष्टी ज्याला जायचं आहे त्याच्यासाठी पटापट सांगते. बाथरूमचा दिवा लावायला भिंतीवर बटण नसतं, छतातून दोरी लोंबते ती ओढायची. बेसिनला गरम आणि गार पाण्याचे नळ वेगळे, त्यामुळे एक हात भाजतो आणि एक गारठतो. संडासात टमरेल आपलं आपण ठेवायचं. फोडणी टाकली की स्मोक अलार्म कोकलतो, ताईनं त्याच्यासाठी एक टॉवेल कायम खुंटीला ठेवलाय, एकानं फोडणी टाकायची आणि दुसऱ्यानं अलार्मखाली टॉवेल हलवायचा, ही ड्युटी मुलांनी आनंदानं घेतली. कचऱ्याच्या पेट्यांचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं असतं आणि ते चुकलं तर पुढच्या फेरीपर्यंत कचरा तुमचाच.

आणि उजेड. मे संपताना सूर्य मावळतो नऊ वाजून गेल्यावर, जूनमध्ये साडेनऊला. आत्तींचा नेम म्हणजे दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा आणि मग जेवायचं. पहिल्या दिवशी आम्ही सगळे भुकेनं कासावीस आणि आत्ती खिडकीशी बसून सूर्याकडे बघतायत. दाजींनी हळूच सांगितलं की आत्ती, आत्ता शिरोळात रात्रीचा दीड वाजलाय, तिकडचा दिवा लावून झाला. हा हिशेब त्यांना पटला. मग रोज सात वाजता, लख्ख उन्हात, सांजवात.

आता वाटांबद्दल, कारण मला विचाराल तर तिथलं खरं बघण्यासारखं हेच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये शेता-कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा आहेत, सगळ्या मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास. जमीन खाजगी, पण वाटेनं चालण्याचा हक्क सगळ्यांचा. पिवळा बाण म्हणजे पायी चालायची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकल पण चालते. कॉट्सवोल्ड वे नावाची जी लांबची वाट आहे, १०२ मैलांची, चिपिंग कॅम्डन ते बाथ, तिच्यावर बलुताच्या फळाची, म्हणजे ओकच्या बीची खूण असते. आम्ही ती पूर्ण वगैरे काही चाललो नाही, ताईच्या घरामागून जी निघते तीच रोज.

पहिल्यांदा गेलो तेव्हा वाट गव्हाच्या शेतात शिरली. बांधावरून नाही, थेट मधून, गुडघ्यावर आलेला हिरवा गहू दोन्ही बाजूंना आणि मधे स्वच्छ पट्टा. आत्ती फाटकातच थांबल्या. "दुसऱ्याच्या पिकातनं?" ताई म्हणाली, "आई, ही वाटच आहे, ये." त्या येईनात. बांध कोरला म्हणून, गाडीवाट नांगरली म्हणून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, वाट अडवली तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज करायचा, तो कायदा १९०६ चा, आणि आमच्या आत्तींनी तसा अर्ज स्वतः केलेला आहे, दिरानं वाट नांगरली म्हणून. त्यामुळे त्यांचा पाय पिकात पडेनाच.

मग दाजींनी समजावलं. शेतकऱ्याला शेत नांगरायला परवानगी आहे, वाटेसकट, पण पेरणीसाठी पहिल्यांदा उकरल्यावर चौदा दिवसांच्या आत वाट परत करून द्यायची, पुढच्या कामांना चोवीस तासांत. शेताच्या मधून जाणारी वाट कमीत कमी एक मीटर रुंद आणि पीक तिच्यावर येऊ द्यायचं नाही, कडेनं जाणारी असेल तर दीड मीटर आणि ती नांगरायचीच नाही. आत्तींनी हे सगळं दोनदा विचारून घेतलं. आणि नाही केलं तर? तर कौन्सिल, म्हणजे तिथलं स्थानिक प्रशासन, स्वतः येऊन करून घेतं आणि खर्च शेतकऱ्याकडून. "कोण अर्ज करतंय?" कुणीही करू शकतं, तुझं रान असायला पाहिजे असं नाही. हे ऐकल्यावर त्या वाटेनं अशा चालायला लागल्या की आम्ही मागे पडलो.

कुंपण आलं की तिथे स्टाइल असते, म्हणजे लाकडी पायऱ्या, चढून पलीकडे उतरायचं. मला जीन्समध्ये ते जमेना, गुडघा अडकायचा, आणि आत्ती नऊवारीत, खाली ताईचे जुने स्पोर्ट शूज, एका दमात पार. समोरून कुत्रं घेऊन येणारे एक म्हातारे गृहस्थ थांबून बघत राहिले, मग टोपीला हात लावला. फाटक असेल तर जसं होतं तसंच सोडायचं, बंद असेल तर बंद. आणि वासरं असलेल्या गाईंच्या कळपातून कुत्रा घेऊन जायचं नाही, तिथे दरवर्षी लोक जखमी होतात, हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

मुलाला मात्र त्या गवतानं चांगलाच इंगा दाखवला. शिंका, डोळे लाल, नाक वाहतंय. आम्हाला वाटलं सर्दी, दाजी म्हणाले याला 'हे-फीवर' म्हणतात, गवताच्या परागांची ॲलर्जी, मे-जूनमध्ये अर्ध्या इंग्लंडला असतं. केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय गोळी मिळाली आणि दोन दिवसांत गडी ताळ्यावर. धाकटीला एकदा खाजऱ्या नेटलची पानं लागली, तिच्या आतेबहिणीनं शेजारचंच डॉकचं पान उपटून चोळलं. त्यानं खरंच थांबतं का माहीत नाही, पण रडणं थांबलं.

ताईच्या घरापलीकडे एक मेंढ्यांचं फार्म आहे. जूनच्या सुरुवातीला तिथे लोकर कातरायचं काम निघालं आणि ताईनं विचारून ठेवलं होतं की आई बघायला येईल. आत्ती सकाळपासून तयार. कातरणारे दोन तरुण, बाहेरून आलेले, गावोगाव फिरून हेच काम करणारे. मेंढीला उचलून ढुंगणावर बसवतात, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून, आणि तशी बसवली की ती एकदम निमूट होते. मग विजेच्या कातरीनं पोटापासून सुरुवात, मग मागचा पाय, मग गळ्याखालून वर, मेंढी हातात फिरवत फिरवत, आणि दोन-तीन मिनिटांत सगळी लोकर एका अखंड चादरीसारखी खाली पडते. मेंढी उठते, पांढरी, बारकी, भांबावलेली, आणि पळते. एक बाई ती लोकर लाकडी टेबलावर पसरून, कडा आत घालून, गुंडाळी करून भल्यामोठ्या पोत्यात टाकत होती. आत्तींनी मूठभर उचलून बोटांत चोळली, हात तुपकट झाले. "आमच्या धनगरांच्या मेंढरापेक्षा मऊ हाय. घोंगडं टोचायचं नाही ह्याचं."

शेतकरी साठीचा, बोलका. त्यानं सांगितलं की कातरायचा खर्च पण लोकरीतून निघत नाही, मेंढ्या मटणासाठी, आणि कातरायचं ते उन्हाळ्यात त्यांना त्रास होऊ नये, माश्या बसून किडे पडू नयेत म्हणून. आणि हीच लोकर एके काळी या भागाचं सोनं होती. चिपिंग कॅम्डनच्या चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हल नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याची पितळी पाटी आहे, तो वारला १४०१ मध्ये, आणि पाटीवर त्याला सगळ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल म्हटलंय. त्या पट्ट्यातल्या एवढ्याएवढ्या गावांना जी भलीथोरली चर्चं आहेत ती सगळी याच पैशाची.

आत्तींना चर्चमध्ये रस नव्हता. त्यांनी ताईला सांगितलं, त्याला विचार, रानात मेंढरं बसवता काय? आपल्याकडे धनगर कळप घेऊन आले की शेतकरी त्यांना रात्री रानात बसवून घेतात, लेंड्या-मुताचं खत होतं, त्याचे पैसे किंवा धान्य द्यायचं. ताईला इंग्रजीत हे सांगताना हसू आवरेना, पण त्या माणसाचा चेहरा उजळला. म्हणाला, माझा आजोबा हेच करायचा, शेतात शलगम लावायचं, लाकडी ताट्या लावून मेंढ्या एका तुकड्यात कोंडायच्या, ते खाऊन झालं की ताट्या पुढे सरकवायच्या, आणि मागच्या तुकड्यात बार्ली पेरायची. या हलक्या दगडी जमिनीत त्याशिवाय काही उगवायचंच नाही. मग ते दोघं, मधे ताई, अर्धा तास खतावर बोलले. आम्ही सगळे एवढे पैसे घालून, व्हिसा काढून ज्या गप्पा ऐकत होतो त्या शिरोळच्या पारावर फुकट मिळाल्या असत्या, पण एवढ्या रंगल्या नसत्या. निघताना त्यानं एक अख्खी लोकर देऊ केली. कच्ची लोकर विमानातून न्यायची म्हणजे पुन्हा कागदपत्रं, म्हणून ती ताईच्या बागेत गेली, कोबीच्या बुंध्याशी पसरायला, गोगलगाई येत नाहीत म्हणे.

नवऱ्याला इतिहासाचं वेड, त्यामुळे एक दिवस त्याचा. मोर्टनजवळ सेझिनकोट नावाचा वाडा आहे. चार्ल्स कॉकरेल नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीत गबर झालेल्या माणसानं १८०५ च्या सुमारास आपल्या आर्किटेक्ट भावाकडून मुघल थाटात बांधून घेतला. वर तांब्याचा हिरवा पडलेला घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, रुंद छज्जे, आणि दगड मात्र तोच मधाच्या रंगाचा. पुढे राजा झालेला युवराज हा वाडा बघून गेला आणि मग ब्रायटनचा राजवाडा तसा घुमटांचा झाला. ठरावीक दिवशीच उघडं असतं, बघून जा. बागेत ओढ्यावर पूल आहे आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसवलेत. अगदी आपले नंदी, पाय मुडपून बसलेले. आत्तींनी हात जोडले, मग पुलाच्या दोन्ही बाजूंना जाऊन वाकून बघून आल्या. "नंदी हाईत, मग महादेव कुठाय?" महादेव काही आम्हाला दिसला नाही. वरच्या तळ्यापाशी एक देऊळ आहे पण ते सूर्याचं. आत्तींचं मत झालं की बांधणाऱ्यानं अर्धवट ऐकून काम केलंय. मला विचाराल तर त्या वाड्यावर याहून नेमकं काही बोलता येणार नाही.

तिथून जवळच डेल्सफर्ड. कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्याचं पिढीजात गाव. गेलेली इस्टेट त्यानं १७८८ मध्ये परत विकत घेतली, त्याच वर्षी त्याच्यावर पार्लमेंटात खटला सुरू झाला, सात वर्षं चालला, निर्दोष सुटला. घर खाजगी आहे, पण चर्चच्या आवारात त्याची समाधी आहे, वर कलश आणि नाव, वर्ष. वडगावला १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून करार लिहून घेतला तो ज्यानं मानायला नकार दिला तो हाच, आणि पुढे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं सालबाईचा तह झाला तो पण याच्याच काळात, १७८२. समाधीवरचं वर्ष १८१८. नवरा त्या आकड्याकडे बघतच राहिला, कारण त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण गेला आणि ऑगस्टमध्ये हा इथे गेला. मुलं म्हणाली आइस्क्रीम.

बँक हॉलिडेच्या, म्हणजे सरकारी सुट्टीच्या, मे अखेरच्या सोमवारी ग्लॉस्टरजवळ कूपर्स हिलवर चीज गडगडत सोडतात आणि माणसं त्याच्यामागे उतारावरून कोलमडत पळतात, ते आम्ही फोनवर बघितलं, गर्दीत आत्तींना नेण्यात अर्थ नव्हता. पण त्याच आठवड्याच्या शुक्रवारी संध्याकाळी चिपिंग कॅम्डनच्या वर डोव्हर्स हिलवर खेळ असतात ते सोडले नाहीत. रॉबर्ट डोव्हर नावाच्या माणसानं १६१२ मध्ये सुरू केलेले, १८५२ ला बंद पडले, विसाव्या शतकात पुन्हा सुरू झाले. टेकडीचा नैसर्गिक उतार म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी, खाली मैदान, मागे सगळं इव्हशॅमचं खोरं. रस्सीखेच, पोत्यात पाय घालून शर्यत, आणि मुख्य म्हणजे नडगीवर लाथा मारायचा सामना. दोन गडी, अंगात मेंढपाळासारखे पांढरे डगले, पँटच्या पायांत पेंढा कोंबलेला, एकमेकांच्या गळपट्ट्या धरायच्या आणि नडगीवर लाथा हाणून तोल घालवून पाडायचं. नुसतं उचलून आपटलं तर धरत नाहीत, आधी लाथ लागली पाहिजे. पंच जवळ काठी घेऊन उभा.

कोल्हापूरचा माणूस कुस्ती बघायला बसला की गप्प बसेल का. नवरा उभा राहून ओरडायला लागला, अरे कमरेत घे, ढाक लाव! शेजारचे लोक काय कळतंय न कळतंय पण हसत होते, आणि मग त्यातल्या एकानं याला विचारलं की तू कुठल्या क्लबचा. आत्तींनी दोन सामने बघितले आणि म्हणाल्या, "तालमीत असल्यांना वस्तादानं हाकलून दिलं असतं." पण शेवटपर्यंत बसल्या. अंधार पडल्यावर टेकडीवर मोठी आगटी पेटवली, होळीच म्हणा, आणि लोक हातात टेंभे घेऊन रांगेनं खाली गावात उतरले. थंडी भयंकर, जून उंबरठ्यावर आणि आम्ही शाली पांघरून.

एल्डरफ्लॉवरचं सरबत हे ताईचं उन्हाळ्यातलं मोठं काम. कुंपणाकडेला एल्डरची झुडपं असतात, मे संपता संपता पांढऱ्या बारीक फुलांचे छत्रीसारखे झुपके येतात. कोरड्या दिवशी, ऊन पडल्यावर तोडायचे, आणि धुवायचे नाहीत, वास सगळा परागांत असतो, नुसते झटकून किडे काढायचे. जाड देठ काढून टाकायचे, ते पोटाला वाईट. वीस-पंचवीस झुपके, दोन किलोच्या आसपास साखर, दीड लिटर पाणी, साखर विरघळवून घ्यायची, मग त्यात फुलं, लिंबाच्या चकत्या, आणि पाऊणशे ग्रॅम सायट्रिक ॲसिड. झाकून एक दिवस. मग मलमलच्या कापडातून गाळायचं. ताईकडे मलमल नव्हती, आत्तींनी आपल्या जुन्या सुती लुगड्याचा एक तुकडा फाडून दिला, धुवून, उकळून. उतरलं ते सोनेरी, वास थोडा जाईसारखा थोडा लिचीसारखा. आत्तींनी त्यात चिमूटभर मीठ टाकलं. ताई ओरडली, पण मीठवालाच पेला आधी संपला.

शेवटच्या शनिवारी गावच्या शाळेची जत्रा होती, फेट म्हणतात. केकचा स्टॉल, जुन्या पुस्तकांचा स्टॉल, केकचं वजन ओळखा, चमच्यात अंडं घेऊन पळा. आणि एका कोपऱ्यात पाच-सहा खांबांवर नारळ मांडलेले. चेंडू मारून नारळ पाडायचा, पडला तर तुमचा. मुलगा खेळला, नवरा खेळला, एकही पडेना, नारळ खोलगट कपात घट्ट बसवलेले. आत्तींनी पदर खोचला. तीन चेंडू मिळतात. पहिला गेला बाजूनं, दुसरा लागला पण नारळ हलला नुसता, तिसरा बरोबर डोक्यात, खाली. सगळ्या स्टॉलनं टाळ्या वाजवल्या. स्टॉलवाली बाई नारळ देताना ताईला म्हणाली, घरी गेल्यावर याचं काय करता तुम्ही? आमच्याकडे मुलं महिनाभर कपाटावर ठेवतात आणि मग टाकून देतात.

आत्तींना हे ताईनं भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी स्टॉलकडे परत जाऊन उरलेल्या नारळांची किंमत विचारली. पौंडाला एक म्हणून चार आणले. ताईच्या मागच्या पायरीवर फोडले, दोन आतून सडके निघाले, दोन चांगले. खोबऱ्याची चटणी झाली, आमसुलं नेलेली होती म्हणून सोलकढी पण झाली, आणि एक वाटी शेजारच्या त्या मेंढ्यावाल्याकडे गेली. तो दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन आला, त्यात सहा अंडी, आणि विचारलं की हे गुलाबी कशानं होतं. आता ताई डिसेंबरात कोल्हापूरला येतेय, तिच्या यादीत पहिलं नाव अर्धा किलो आमसुलं, त्यातली पाव किलो त्याची.